विश्लेषण : डॉक्टरकी सोडून देशाच्या उत्पन्नाचा हिशेब मांडणारे विल्यम पेटी कोण होते?

वैद्यकीय शिक्षणाची वाट सोडून वित्तक्षेत्रात शिरणारे तरुण आज नवलाचे राहिलेले नाहीत. साडेतीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका नावाजलेल्या डॉक्टरने हेच केले. ऑक्सफर्डमध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या सर विल्यम पेटी यांनी पुढे करपद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि देशाचे वार्षिक उत्पन्न किती, याचा अंदाज मांडला. असा हा पहिलाच अंदाज मानला जातो. मात्र त्यांच्या मोजणीची किंमत आयर्लंडमधील हजारो कुटुंबांनी चुकवली.

वैद्यकाकडे कसे वळले?

पेटी यांचा जन्म २६ मे १६२३ रोजी हॅम्पशरमधील रॉम्झी गावात झाला. वडिलांचा कापडाचा व्यवसाय होता. किशोरवयातच ते जहाजावर नोकरीला लागले. तिथे पाय मोडला आणि जहाजावरच्या लोकांनी त्यांना फ्रान्सच्या किनाऱ्यावर सोडून दिले. नॉर्मंडीतील जेझुइट पाद्र्यांच्या महाविद्यालयात त्यांना आसरा मिळाला. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच आणि गणित ते तिथे शिकले. त्यानंतर नेदरलँड्समध्ये वैद्यकाचा अभ्यास झाला. पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ थॉमस हॉब्स यांचा सहवास मिळाला.

डॉक्टर म्हणून नाव कशामुळे झाले?

डिसेंबर १६५० मध्ये ऑक्सफर्डला अ‍ॅन ग्रीन या मोलकरणीला बालहत्येच्या आरोपावरून फाशी देण्यात आली. तिचा मृतदेह चिरफाडीसाठी पेटी आणि त्यांचे सहकारी थॉमस विलिस यांच्याकडे आला. शवपेटी उघडली, तेव्हा ती श्वास घेत असल्याचे दिसले. डॉक्टरांनी तिला ऊब दिली, उपचार केले आणि ती वाचली. पुढे तिला माफी मिळाली. या घटनेने पेटी यांचे नाव सर्वतोमुखी झाले. लवकरच ते शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय तिशीच्या आत, हातात पदवी, पद आणि कीर्ती. तरीही ते तिथे थांबले नाहीत.

मग वाट का बदलली?

१६५२ मध्ये ते क्रॉमवेलच्या सैन्याचे मुख्य वैद्य म्हणून आयर्लंडला गेले. तिथले बंड सैन्याने मोडून काढले होते, पण सरकारची तिजोरी रिकामी होती. सैनिकांचा पगार थकला होता. युद्धासाठी पैसे देणाऱ्या सावकारांना आयरिश जमिनीचे वचन दिलेले होते. ही सारी देणी जप्त केलेल्या जमिनीतून फेडायची होती. त्यासाठी आधी जमीन मोजणे भाग होते.

सुरू असलेली मोजणी संथ आणि सदोष असल्याचे पेटी यांनी दाखवून दिले आणि डिसेंबर १६५४ मध्ये तेरा महिन्यांत काम पुरे करण्याचा ठेका घेतला. त्यांनी कामाचे तुकडे पाडले. साध्या सैनिकांनी साखळीने जमीन मोजायची, इतरांनी कार्यालयात बसून नकाशे काढायचे. ही मोजणी ‘डाउन सर्व्हे’ म्हणून ओळखली जाते.

या मोजणीने कोणाचे काय गेले?

पगाराऐवजी सैनिकांना जमिनीच्या हक्काच्या चिठ्ठ्या मिळाल्या. रोकड हवी असलेल्या अनेकांनी त्या पडत्या भावात विकल्या. विकत घेणाऱ्यांत स्वतः पेटीही होते. ते केरी परगण्यात मोठे जमीनदार झाले. जमीनवाटपात गैरव्यवहार केल्याचे आरोप त्यांच्यावर संसदेत झाले. त्यांनी ते नाकारले. दुसरीकडे, १६४१ मध्ये आयर्लंडमधील सुमारे ६० टक्के जमीन कॅथलिकांकडे होती. शतकाच्या अखेरीपूर्वीच हा वाटा २० टक्क्यांच्या आसपास घसरला. मोजणी अचूक होती म्हणूनच जप्तीही पक्की झाली.

देशाचे उत्पन्न कसे मोजले?

१६६२ मध्ये पेटी यांचा करांवरील ग्रंथ आला. १६६५ मध्ये डच युद्धाचा खर्च वाढत असताना त्यांनी इंग्लंडचा हिशेब मांडला. लोकसंख्या ६० लाख धरली. दरडोई वार्षिक खर्च ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स धरला. म्हणजे एकूण खर्च चार कोटी पौंड. जमीन, घरे, जहाजे आदी मालमत्तेतून दीड कोटींचे उत्पन्न येते. तेव्हा उरलेले अडीच कोटी लोकांच्या श्रमातून येत असले पाहिजेत.

निष्कर्ष असा, की देशाची मोठी कमाई श्रमाची आहे, म्हणून कराचा भार एकट्या जमिनीवर नको. यात श्रीमंत जमीनदारांची सोय होती, हे उघड आहे. पण एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचे उत्पन्न, ही आजच्या जीडीपीच्या हिशेबातली मूळ कल्पना त्यात होती. त्याच हिशेबातून त्यांनी एका माणसाची किंमत ६९ पौंड काढली. प्लेगच्या काळात माणसे वाचवण्यावर केलेला खर्च देशाला परवडतो, असे त्यांनी पुढे याच पद्धतीने मांडले. रुग्णाचे शरीर तपासावे तसा देश तपासायचा, ही डॉक्टरची सवय त्यांनी सोडली नव्हती. आयर्लंडवरील ग्रंथाच्या नावातही त्यांनी ‘अ‍ॅनाटॉमी’ हा शब्द ठेवला.

भारताशी संबंध काय?

१६ डिसेंबर १६८७ रोजी पेटी यांचे लंडनमध्ये निधन झाले. त्यांच्या मुलीच्या वंशातील लॉर्ड लॅन्सडाउन १८८८ ते १८९४ या काळात भारताचे व्हाइसरॉय होते. त्याच काळात, १८९२ मध्ये, मुंबईचे दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत निवडून गेले. दादाभाईंनी त्याआधीच भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अंदाज मांडला होता : १८६७-६८ साठी माणशी वर्षाला अवघे २० रुपये. पेटी यांनी राज्यकर्त्यांना कर कुठून मिळेल हे दाखवण्यासाठी आकडे वापरले. दादाभाईंनी राज्यकर्ते किती नेतात हे दाखवण्यासाठी. अर्थसंकल्पाच्या दिवशी उत्पन्नाचे आकडे वाचताना, हिशेब किती आला याबरोबरच तो कोणी आणि कशासाठी केला, हेही पाहावे लागते ते यामुळेच.