विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी १७९० – १६ जून १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, निसर्ग-अभ्यासक आणि संख्याशास्त्रज्ञ होते. पुणे आणि आसपासच्या दख्खनी प्रदेशातील खडकांचे व खनिजांचे जे पद्धतशीर वर्णन प्रारंभीच्या काळात झाले, त्यात त्यांच्या लेखनाला महत्त्वाचे स्थान आहे.

पूर्वायुष्य

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळ झाला. १८०३ मध्ये ते कंपनीच्या सेवेत दाखल झाले आणि १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात सहभागी झाले. १८१० च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा अवगत केल्या. १८१७ मध्ये खडकी आणि पुणे येथील लढायांत ते पेशव्यांच्या सैन्याविरुद्ध लढले. पुढे त्याच मुलखात त्यांनी दगडधोंडे, पक्षी, मासे आणि माणसे यांची मोजदाद केली. १८२० मध्ये ते रजेवर युरोपात गेले व १८२४ मध्ये परतले.

सांख्यिकी वृत्तनिवेदक

ऑक्टोबर १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांची सांख्यिकी वृत्तनिवेदक म्हणून नेमणूक केली. नव्याने हाती आलेल्या मुलखाची लोकसंख्या, शेती, जमीनधारणा, हवामान आणि नैसर्गिक संपत्ती यांची माहिती सरकारला हवी होती. हेतू अर्थातच महसुलाचा व राज्यकारभाराचा होता. शास्त्रीय जिज्ञासा ही साइक्स यांची स्वतःची भर म्हणावी लागेल.

डिसेंबर १८२९ मध्ये सरकारने हे पद रद्द केले. हाती घेतलेले काम त्यामुळे अर्धवट राहण्याची वेळ आली. साइक्स यांनी लष्करी कामातून मोकळीक मिळवली आणि जानेवारी १८३१ पर्यंत ते पूर्ण केले. त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

दख्खनच्या खडकांचा अभ्यास

दख्खनच्या भूरचनेवरील त्यांचा लेख १८३३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे वाचला गेला आणि पुढे संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. खडक पाण्यातील गाळातून साचतात की पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने वितळून तयार होतात, या प्रश्नावर युरोपातील अभ्यासकांत दोन पिढ्या वाद चालला होता. बेसाल्ट हा त्या वादातील कळीचा खडक होता; आणि दख्खनमध्ये तर दिसेल तेथे बेसाल्टच होता.

साइक्स यांनी या प्रदेशाचे मुख्य वैशिष्ट्य अचूक टिपले. येथील खडकांचे थर जवळपास आडवे असून ते एकावर एक रचलेले आहेत. घट्ट, काळा बेसाल्ट आणि पोकळ्यांनी भरलेला तुलनेने मऊ खडक यांचे थर आलटून पालटून येतात. विहिरी खोदणारे कारागीर यांनाच पाषाण आणि मांजऱ्या म्हणतात. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो आणि डोंगराला पायऱ्यांचा आकार येतो. ट्रॅप हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. मुळशी तालुक्यातील मुठा नदीचे खोरे आणि तिला मिळणाऱ्या मोसे व आंबी या नद्यांची खोरी येथे ही रचना आजही नुसत्या डोळ्यांनी दिसते.

थरांच्या मध्ये आढळणारी लोहयुक्त तांबडी माती, स्तंभाकार बेसाल्ट आणि थरांना उभे छेदून जाणाऱ्या खडकाच्या भिंती यांचेही वर्णन त्यांनी केले. तांबड्या मातीचे महत्त्व पुढे स्पष्ट झाले. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये काही काळ गेला असता खालच्या प्रवाहाचा पृष्ठभाग हवापाण्याने कुजतो, आणि नंतरचा प्रवाह त्यावर पसरून ती माती झाकून टाकतो. म्हणजे तांबडा पट्टा ही उद्रेकांमधील विश्रांतीची खूण होय.

एवढा लाव्हा आला कोठून, हा प्रश्न मात्र उरला, कारण या मुलखात शंकूच्या आकाराचे ज्वालामुखी दिसत नाहीत. हा लाव्हा जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून वर आला, ही उपपत्ती नंतरच्या काळात मान्य झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे विल्यम ब्लॅनफर्ड यांनी १८६७ मध्ये या खडकांचा विस्तृत आढावा घेतला. आधुनिक कालमापनानुसार हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

खनिजांची ओळख

पुणे परिसरातील बेसाल्टच्या पोकळ्यांत सुंदर स्फटिक सापडतात. लाव्हा थिजताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहतात, आणि नंतर खडकात झिरपणाऱ्या उष्ण पाण्यातून त्यांत खनिजे साचतात. साइक्स यांच्या काळी ती ओळखण्याची साधने साधी होती : चाकू, काच, आम्लाचा थेंब आणि फुंकनळी. कॅल्साइटवर चाकूने ओरखडा उठतो व आम्लाने ते फसफसते; गारगोटीवर यांपैकी काहीच होत नाही, उलट तिनेच काचेवर ओरखडा पडतो. स्टिलबाइटसारखे झिओलाइट फुंकनळीच्या ज्योतीत फुगते. उकळणारा दगड या अर्थाचे झिओलाइट हे नाव त्यावरूनच पडले. १८३१ मध्ये ब्रुक या इंग्रज खनिजतज्ज्ञाने येथील एका खनिजाला पुण्यावरून पूनाहलाइट असे नाव दिले होते. ते स्वतंत्र खनिज नसल्याचे पुढे ठरले आणि ते नाव मागे पडले.

इतर अभ्यास

वेरूळच्या लेण्यांवरील त्यांचा वृत्तान्त १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. उकळत्या पाण्याचे तापमान मोजून ठिकाणाची उंची काढण्याच्या पद्धतीचा त्यांनी पुरस्कार केला. दख्खनचे हवामान, पक्षी, सस्तन प्राणी व मासे यांवर त्यांनी स्वतंत्र लेख लिहिले. कोळसून या रानकुत्र्याला त्यांनी दख्खनवरून शास्त्रीय नाव दिले. चंडोलाची एक जात त्यांच्या नावाने ओळखली जाते.

उत्तरायुष्य

१८३३ मध्ये साइक्स कर्नल म्हणून निवृत्त झाले आणि १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत ते होते. १८६३ ते १८६५ या काळात त्यांनी तिचे अध्यक्षपद भूषवले. १८४० मध्ये ते कंपनीच्या संचालक मंडळावर गेले व १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबरडीनचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत होते. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.