झीज ओळखणारा माणूस

इंजिनाचे काम करून गाडी गॅरेजमधून निघाली की मिस्त्री हमखास ताकीद देतो. पहिले हजार किलोमीटर दामटू नका, चढावर ओढाताण नको, ऑइल लवकर बदला. आमच्या जुन्या फियाटचे काम काढले होते तेव्हा मी त्याला कारण विचारले. उत्तरादाखल त्याने माझे बोट सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून फिरवले. बारीक खरखर लागली. नव्या रिंगा या खरखरीवर घासून आपली जागा करतात आणि झिजलेला कीस ऑइलात उतरतो. सुरुवातीलाच इंजिन तापवले तर ओरखडे पडतात. फार जपले तर भिंत गुळगुळीत होते, रिंगा बसत नाहीत आणि इंजिन ऑइल पिऊ लागते.

यंत्राची झीज इतक्या बारकाईने वाचणारा माणूस म्हणून मला हेन्री रॉइसच आठवतो. जन्म १८६३चा, इंग्लंडमधल्या एका गिरणीवाल्याच्या घरी. वडील लवकर गेले. पोराने लंडनमध्ये वर्तमानपत्रे विकली, तारा पोचवल्या. रेल्वे कारखान्यातली उमेदवारी पैशांअभावी अर्धवट सुटली. १८८४ मध्ये मँचेस्टरला त्याने विजेच्या सामानाचा छोटा कारखाना काढला.

चाळिशीच्या सुमारास त्याने जुनी फ्रेंच देकोव्हिल घेतली, सुटी करून पाहिली आणि यापेक्षा चांगली गाडी आपणच करू, असे ठरवले. त्याचे पहिले इंजिन सप्टेंबर १९०३ मध्ये चाचणीच्या बैठकीवर सुरू झाले. गाडी रस्त्यावर आली ती १ एप्रिल १९०४ला. पुढच्याच महिन्यात चार्ल्स रोल्स त्याला भेटला. जोडनावातला हा उमदा जोडीदार १९१०च्या विमान अपघातात गेला.

रॉइसच्या कामाची खरी परीक्षा १९०७ साली झाली. सिल्व्हर घोस्ट गाडी लंडन-ग्लासगो मार्गावर रात्रंदिवस पळवली गेली. ६२९ मैलांवर पेट्रोलची तोटी हादऱ्याने बंद झाली. त्यानंतरचे १४,३७१ मैल गाडी बिघाडाने एकदाही थांबली नाही. मग रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली ती खिळा-खिळा सुटी केली गेली. इंजिनाच्या बेअरिंगांत मोजण्याजोगी झीज नव्हती. गाडी पुन्हा नव्यासारखी करायला जे भाग लागले त्यांची किंमत झाली दोन पौंड, दोन शिलिंग, सात पेन्स!

स्वतःच्या शरीराचा हिशेब मात्र या माणसाने कधी ठेवला नाही. कामात तो जेवणखाण विसरे. कारखान्यातली पोरे दुधाचा पेला घेऊन त्याच्यामागे फिरत, असे सांगतात. १९११ मध्ये तो कोसळला, पुढच्या वर्षी मोठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर डर्बीचा कारखाना त्याने घरी बसून, कागदावर चालवला. परिचारिका एथेल ऑबिन त्याची काळजी घेई. अटलांटिक विनाथांबा ओलांडणाऱ्या १९१९च्या पहिल्या विमानाला इंजिने त्याचीच होती.

१९३१च्या श्नायडर शर्यतीचे विमानइंजिन तयार होत होते तेव्हाही हीच रीत होती. बैठकीवर पूर्ण जोराने चालवायचे, मोडेल तो भाग मजबूत करायचा, पुन्हा चालवायचे. शर्यत जिंकली.

२२ एप्रिल १९३३ रोजी रॉइस गेला. पुढे मर्लिन म्हणून गाजलेले इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिल्यांदा धडधडले.