कुर्ल्याची मोटार, बॅलार्ड इस्टेटचा पत्ता

मागच्या सेमिस्टरला आमच्या वर्गात ‘ब्रँड आणि बिल्डिंग’ अशा विषयावर प्रेझेंटेशन होतं. कंपनीची इमारतच तिची जाहिरात कशी होते, हे दाखवायचं. माझ्या ग्रुपकडे मोटार कंपन्या आल्या. स्लाइड्स झटपट तयार झाल्या. म्युनिकमधलं बीएमडब्ल्यूचं मुख्यालय, चार सिलिंडर उभे करून ठेवावेत तसं. न्यूयॉर्कची क्रायस्लर बिल्डिंग. आणि इटलीत ट्युरिनला असलेला फियाटचा लिंगोट्टो कारखाना, ज्याच्या गच्चीवर गाड्या पळवून बघायला चक्क ट्रॅक बांधलाय. सगळं झाल्यावर सर म्हणाले, आता मुंबईतली एखादी दाखवा. मुंबईत गाड्या बनायच्या हे आम्हाला माहीत होतं, कुणाच्या ना कुणाच्या काकांकडे पद्मिनी होतीच. पण ती बनवणाऱ्या कंपनीची इमारत? एकालाही सांगता येईना.

ती रिकामी स्लाइड भरायची म्हणून मी शोधायला लागले आणि सापडला तो एक माणूस. वालचंद हिराचंद दोशी. नाव आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. सांगलीच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या पाटीवर, सोलापूरच्या इन्स्टिट्यूटच्या फॉर्मवर, वालचंदनगरच्या एसटीवर. पण या माणसाने काय केलं, असं विचारलं तर आपली गाडी अडते. आणि गंमत बघा, आमच्या तीन स्लाइड्सपैकी दोन कंपन्यांशी, क्रायस्लर आणि फियाटशी, वालचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने करार केले होते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणं मूळचं गुजरातचं, जैन, व्यापार आणि सावकारीतलं. जन्मानंतर काही दिवसांतच आई गेली. शिकायला मुंबईला सेंट झेवियर्स आणि पुण्याला डेक्कन कॉलेज, म्हणजे आजच्या भाषेत टॉप कॉलेजेस. पण डिग्री काही झाली नाही. घरी येऊन ते पेढीवर बसले आणि कापूस, धान्य असे घरचे धंदे करून पाहिले. त्यात मन रमेना.

मग भेटले लक्ष्मणराव बळवंत फाटक. बार्शी लाइट रेल्वेत कारकुनी केलेले, पुढे ठेकेदारीत उतरलेले. फाटकांना रेल्वेचं काम कळत होतं, वालचंदांकडे पैसा उभा करण्याची ताकद होती. दोघांनी भागीदारी केली आणि रेल्वेमार्गाची कामं घ्यायला सुरुवात केली. कॉलेज सोडलेला एक आणि रेल्वेतला माजी कारकून एक, अशी ती जोडी. आजच्या स्टार्टअपच्या गोष्टीत सहज बसेल.

इथे थोडं थांबते, कारण वालचंदांवर लिहिताना त्यांना सरळ इंग्रजांविरुद्धचा हीरो करून टाकायचा मोह होतो. सुरुवातीचा त्यांचा पैसा सरकारी ठेक्यांचाच होता. रेल्वेची कामं, पहिल्या महायुद्धात लष्करासाठी केलेली बांधकामं. १९२० मध्ये टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी झाली, तेव्हाही काम देणारे बहुतेक वेळा सरकार किंवा रेल्वेच. पनवेलहून प्रगती एक्स्प्रेसने पुण्याला जाताना कर्जत सुटलं की बोगदे सुरू होतात आणि मोबाइलची रेंज जाते, आठवतंय? बोर घाटातल्या बोगद्यांच्या कामात विसाच्या दशकात ही कंपनी होती. तानसा तलावाचं पाणी मुंबईला आणणाऱ्या पाइपलाइनचं कामही तिच्याकडे होतं. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली, आपण एचसीसी म्हणतो ती. आणि १९३५ मध्ये टाटा कन्स्ट्रक्शनचं नाव बदलून प्रीमियर कन्स्ट्रक्शन झालं. म्हणजे ज्या ‘प्रीमियर’ला आपण मोटारीचं नाव समजतो, ते आधी बांधकाम कंपनीचं नाव होतं.

बांधकामात बस्तान बसत असतानाच वालचंद समुद्राकडे वळले होते. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज विकायला निघालं. हे जहाज आधी ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनडाच्या एका कंपनीसाठी चालायचं. महाराजांनी ते युद्धात हॉस्पिटल म्हणून दिलं आणि नाव ठेवलं ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही जणांनी मिळून ते घेतलं आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. ब्रिटिश जहाज कंपन्यांची मक्तेदारी मोडायला निघालेल्या जहाजाचं नाव राजनिष्ठा! आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिवस असतो, तो याच सफरीमुळे.

ब्रिटिश कंपन्यांनी मग भाडी पाडून सिंदियाला घाईला आणलं. तरी सिंदिया टिकली. शेवटी १९२३ मध्ये तडजोड झाली आणि सिंदियाने किती टनांपर्यंत जहाजं ठेवायची याची मर्यादा ठरली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि कंपनीची सूत्रं वालचंदांकडे आली.

आता इमारतीकडे येऊ, कारण माझी स्लाइड अजून रिकामीच आहे. सीएसएमटीला उतरून जीपीओच्या बाजूने बंदराच्या दिशेने चालत गेलात की बॅलार्ड इस्टेट लागतं. १९१४ ते १९१८ या काळात समुद्रात भराव घालून पोर्ट ट्रस्टने ही जागा तयार केली. आखणी जॉर्ज विटेट यांची, गेटवे ऑफ इंडियाचे तेच आर्किटेक्ट. एका उंचीच्या, दगडी चेहऱ्याच्या इमारती, रुंद रस्ते, झाडं. मुंबईत असूनही लंडनसारखं वाटावं, असाच तो बेत. ज्या ब्रिटिश जहाज कंपन्यांशी सिंदियाचं भांडण होतं, त्यांचे एजंट मॅकिनॉन मॅकेन्झी यांची भारदस्त इमारत याच बॅलार्ड इस्टेटमध्ये. आणि तिथेच, चालत पाच-सात मिनिटांच्या आत, सिंदिया हाउस उभं राहिलं आणि कन्स्ट्रक्शन हाउसही. पैकी कन्स्ट्रक्शन हाउस म्हणजे वालचंद उद्योगसमूहाचा पत्ता.

मी तिथे गेले तेव्हा बराच वेळ समोरच्या फुटपाथवर उभी होते. क्रायस्लर बिल्डिंगसारखं इथे मान वर करून बघायला काही नाही. १९३० ची ती इमारत ७७ मजल्यांची, कोपऱ्यांवर रेडिएटरच्या झाकणांसारखी शिल्पं, भिंतीत चाकांच्या नक्षीच्या रांगा. वॉल्टर क्रायस्लरने ती कंपनीच्या नाही, स्वतःच्या पैशाने बांधली आणि तरी तिच्यावर मोटारच मोटार दिसते. कन्स्ट्रक्शन हाउसच्या नावात मात्र मालकही नाही आणि मोटारही नाही. नाव कामाचं आहे, बांधकाम. मला आधी ते फार कोरडं वाटलं. नंतर लक्षात आलं की बोगदे खणणाऱ्या ठेकेदाराला, ज्याचं सगळं काम डोंगराच्या पोटात नाहीतर जमिनीखालच्या पाइपात असतं, त्याला शहराच्या सगळ्यात साहेबी भागात आपल्या धंद्याचं नाव दगडात लावावंसं वाटलं, यात बरंच काही आलं. साहेबांच्या वस्तीत भाडेकरू म्हणून राहायचं नाही, हे त्यातून न बोलता कळतं.

तोवर ऊस आणि साखरही झाली होती. मालेगावजवळ रावळगाव, इंदापूर तालुक्यात कळंबजवळ वालचंदनगर. आपल्या लहानपणी खिशात असलेल्या रावळगावच्या गोळ्या, त्या याच घरातल्या. यावर वेगळा लेख होईल.

मोटारीचं स्वप्न खरं तर एम. विश्वेश्वरय्यांनी आधी कागदावर मांडलं होतं. तिशीच्या दशकात त्यांनी मुंबईत मोटार कारखान्याची योजना तयार केली आणि वालचंदांनी ती उचलली. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ होतं तोवर वातावरण अनुकूल होतं. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेत गेले. आधी फोर्डशी बोलणी केली, ती फिसकटली. मग क्रायस्लरशी जमलं. पण त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि मुंबईचं मंत्रिमंडळही राजीनामा देऊन बाहेर पडलं. दिल्लीतल्या सरकारने मोटार कारखाना युद्धासाठी गरजेचा मानला नाही. गरजेचा नाही म्हणजे परदेशातून यंत्रं आणायला परकी चलन नाही, आणि यंत्रं नाहीत म्हणजे कारखाना नाही. लष्कराला तेव्हा गाड्या हव्या होत्या, पण त्या इथे बनाव्यात असं सरकारला वाटत नव्हतं.

या अमेरिकावारीहून परततानाच विमानात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट निघाली, आजची एचएएल. जमीन आणि भांडवलात म्हैसूर संस्थानची साथ होती. १९४१ मध्ये तिथे पहिलं विमान उडालं, आणि १९४२ मध्ये सरकारने कारखाना आपल्या हातात घेतला. त्याच काळात, जून १९४१ मध्ये, विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला बसली, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. एप्रिल १९४२ मध्ये तिथे जपानी बॉम्ब पडले आणि यंत्रसामग्री मुंबईला हलवावी लागली. तिथलं पहिलं जहाज ‘जल उषा’ पाण्यात उतरायला मार्च १९४८ उजाडला. जहाज पाण्यात सोडायला नेहरू आले होते. पुढे तोही कारखाना सरकारकडे गेला.

विमान, जहाज, मोटार. तिन्ही एकाच वेळी अंगावर घेतलेला माणूस तेव्हा साठीच्या घरात होता. मला या सगळ्यात सर्वांत जास्त चटका लावते ती मोटार. कारण सगळ्यात आधी बोलणी तिची झाली आणि सगळ्यात जास्त वाट तिनेच पाहायला लावली. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी १९४४ मध्ये झाली. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स त्याआधी, १९४२ मध्येच आली होती. कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडायला १९४७ साल लागलं. डॉज, प्लिमथ, डिसोटो, सगळी अमेरिकन नावं, सुट्या भागांची जुळणी इथे. अमेरिकेतल्या त्या बोलण्यांनंतर आठ वर्षांनी.

आणि १९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर होत्या. धंदा भावांकडे गेला, मोटार कंपनी लालचंद हिराचंदांकडे. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला वालचंद गेले. फियाटचा काळ खऱ्या अर्थाने त्यांच्या नंतरचा. ११०० आली, १९६४ मध्ये डिलाइट आली, १९७४ पासून तिलाच पद्मिनी म्हणायला लागले. म्हणजे ज्या गाडीमुळे आपण प्रीमियर ओळखतो, ती वालचंदांनी पाहिलीच नाही.

कुर्ल्याच्या कारखान्याचं पुढे काय झालं, ते हार्बर लाइनवरच्या आपल्यासारख्यांना रोज दिसू शकतं, बघितलं तर. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिथल्या कामगारांच्या लढ्याने दत्ता सामंतांचं नाव मुंबईभर झालं. नव्वदनंतर नव्या गाड्या आल्या आणि २००० च्या आसपास पद्मिनी बंद पडली. कारखान्याच्या जागेवर आता कोहिनूर सिटी आहे, टॉवर, ऑफिसं, हॉटेल. फियाटने लिंगोट्टो १९८२ मध्ये बंद केला, पण इमारत पाडली नाही. आत मॉल, हॉटेल, आर्ट गॅलरी झाली आणि गच्चीवरचा ट्रॅक अजून तसाच आहे, आता त्यावर बाग केलीय. आपल्याकडे जमीन इतकी महाग की शेडचा एखादा कोपरासुद्धा कुणी राखला नसता, हे मला कळतं. तरी राग येतो.

शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी मुंबईच्या रस्त्यावरून गेली.

स्लाइडवर मी शेवटी दोन फोटो टाकले. एक कन्स्ट्रक्शन हाउसचा, समोरच्या फुटपाथवरून काढलेला. ते ज्या रस्त्यावर आहे, त्याचं नाव आज वालचंद हिराचंद मार्ग आहे. सिंदिया हाउस आहे नरोत्तम मोरारजी मार्गावर, दोघा भागीदारांचे रस्ते जवळजवळच. दुसरा फोटो कुर्ला पश्चिमेचा. तिथे इमारत नाही, गेट नाही, चिमणी नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना मात्र लोक अजून प्रीमियर रोड म्हणतात, आणि तो बरोबर तिथेच नेतो.