आइस्क्रीम वितळले आणि नावेला इंजिन मिळाले

पावसाळ्यात पैनगंगा, वर्धा, पूस, अरुणावती या नद्यांना पूर आला की यवतमाळ जिल्ह्यात बचाव पथकांच्या रबरी बोटी बाहेर निघतात. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातील आनंदनगर पाण्याने वेढले गेले, तेव्हा अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरची मदत मागवावी लागली होती. पण हेलिकॉप्टर प्रत्येक गावात पोहोचत नाही. बहुतेक ठिकाणी भरवसा असतो तो बोटीच्या मागे लटकणाऱ्या लहानशा इंजिनावर. पथकातले लोक त्याला ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. हे यंत्र घराघरांत पोहोचवणाऱ्या माणसाचे नाव ओले एविनरूड.

ओलेचा जन्म १९ एप्रिल १८७७ रोजी नॉर्वेत झाला. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत गेले आणि विस्कॉन्सिन राज्यात एका तळ्याकाठी शेती करू लागले. जहाजाच्या प्रवासात हा पोरगा सारखा इंजिनघरात जाऊन बसायचा, असे सांगतात. शाळा त्याला फारशी मिळाली नाही. शेतीतही मन रमेना. सोळाव्या वर्षी तो मॅडिसन शहरात गेला, यंत्रांच्या दुकानात काम करू लागला आणि रात्री अभियांत्रिकीची पुस्तके स्वतःच वाचू लागला. पुढे पिट्सबर्ग, शिकागो, मिलवॉकी येथील कारखान्यांत त्याने हात बसवला. १९०० मध्ये भागीदारीत इंजिने बनवण्याचा छोटा धंदाही सुरू केला.

त्याच्या शेजारच्या कार्यालयात बेस केरी नावाची तरुणी काम करायची. हिशेब आणि पत्रव्यवहार यांत ती तरबेज. १९०६ च्या उन्हाळ्यात मित्रमंडळी ओकॉची तळ्यावर सहलीला गेली. बेसला आइस्क्रीम खावेसे वाटले. ओलेने नाव काढली आणि सुमारे चार किलोमीटर वल्ही मारत तो पलीकडच्या काठावर गेला. परत येईपर्यंत आइस्क्रीमचे पाणी झाले होते. नावेला सहज अडकवता येईल असे इंजिन हवे, हा विचार त्या दिवशी त्याच्या मनात पक्का झाला, अशी ही प्रसिद्ध कथा आहे. त्याच वर्षी दोघांचे लग्न झाले.

असा प्रयत्न करणारा ओले पहिला नव्हता. पॅरिसमध्ये गुस्ताव त्रुवे याने १८८१ मध्ये विजेवर चालणारी मोटर नावेला लावली होती. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन याचे पेट्रोलवरचे यंत्रही ओलेच्या आधी बाजारात आले होते. ओलेने केले ते असे की यंत्राची मांडणी सुटसुटीत आणि टिकाऊ केली. सिलिंडर आडवा, मुख्य दांडा उभा, तो दांडा थेट पाण्यात उतरलेला आणि खाली पाण्यातल्या पेटीत दोन तिरके गिअर. त्यामुळे उभी गती आडवी होऊन पंखा फिरतो. शंभर वर्षांनंतरही बहुतेक आउटबोर्ड मोटरींची मूळ रचना हीच आहे.

१९०९ मध्ये पहिले यंत्र मिलवॉकीच्या नदीत उतरवले गेले. दीड अश्वशक्ती, वजन सुमारे २८ किलो. बेसला ते कॉफी दळायच्या यंत्रासारखे दिसले. एका मित्राने ते तळ्यावर वापरून पाहायला नेले आणि परत येताना दहा यंत्रांची मागणी घेऊन आला. किंमत ठरली ६२ डॉलर. १९११ मध्ये पेटंट मिळाले. जाहिराती बेस लिहायची, परदेशी गिऱ्हाइकांची पत्रेही तीच हाताळायची. नॉर्वे आणि डेन्मार्कच्या मच्छीमारांकडून मोठी मागणी येऊ लागली. वल्ही मारून खांदे झिजवणाऱ्यांना हे यंत्र म्हणजे वरदानच होते.

या यशाची किंमत बेसच्या शरीराने मोजली. कारखाना, हिशेब आणि घरी लहान मुलगा राल्फ. अतिश्रमाने तिची प्रकृती ढासळली. तेव्हा ओलेने जे केले ते फार थोडे उद्योजक करतात. १९१४ च्या सुमारास त्याने भरात असलेल्या धंद्यातला आपला हिस्सा भागीदाराला विकला, पाच वर्षे या व्यवसायात पडणार नाही अशी अट मान्य केली आणि बायको-मुलाला घेऊन प्रवासाला निघाला. विश्रांतीने बेसला बरे वाटू लागले.

ओलेचे डोके मात्र विश्रांती घेत नव्हते. आपल्या पहिल्या यंत्राचे दोष त्याला ठाऊक होते. ते लोखंड आणि पितळेचे, जड होते. एकच सिलिंडर असल्याने फार हादरायचे. त्याने ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरांचे नवे यंत्र आखले. ताकद दुप्पट, म्हणजे तीन अश्वशक्ती, आणि वजन सुमारे २२ किलो. जुन्या भागीदाराला त्याने ते आधी दाखवले, पण त्याने नकार दिला. मग १९२१ मध्ये ओले आणि बेस यांनी ‘एल्टो’ नावाची नवी कंपनी काढली. स्वतःच्याच आडनावाच्या कंपनीशी त्याला स्पर्धा करावी लागली. १९२९ मध्ये या दोन आणि आणखी एक अशा तीन कंपन्या एकत्र आल्या आणि ओले त्यांचा अध्यक्ष झाला.

ओलेने ज्या अडचणींशी झुंज दिली, त्या आजही बोट चालवणाऱ्याला भेटतात. त्यांतल्या बहुतेक पंख्यापाशी सुरू होतात.

पंखा पाण्यात स्क्रूसारखा पुढे सरकतो. एका फेऱ्यात तो जेवढे अंतर सरकायला हवा, त्याला पिच म्हणतात. समजा पिच १० इंच आहे आणि पंखा मिनिटाला २,५०० फेरे घेतो. हिशेबाने बोट तासाला सुमारे ३८ किलोमीटर जायला हवी. पण पाणी लाकडासारखे घट्ट नसते, पंखा थोडा घसरतोच. घसरण २० टक्के धरली तर वेग ३० किलोमीटरच्या आसपास येतो. बोट माणसांनी गच्च भरली की घसरण आणखी वाढते. इंजिन पूर्ण थ्रॉटलला कंपनीने सांगितलेले फेरे गाठत नसेल, तर ओझे जास्त आहे, पात्यांत काही अडकले आहे किंवा पिच जास्त आहे. पिच एक इंचाने कमी केला तर फेरे साधारण १५० ते २०० ने वाढतात. जड ओझे वाहणाऱ्या बचाव बोटीला म्हणूनच कमी पिचचा पंखा बरा.

उलटा प्रकारही होतो. इंजिन जोरात ओरडते, पण बोट जागची हलत नाही. लहान मोटरींत पंखा आणि दांडा यांना एक बारीक पिन जोडते. पंखा दगडावर आदळला तर आधी ही पिन तुटावी आणि महागडे गिअर वाचावेत, यासाठी ती मुद्दाम कमकुवत ठेवलेली असते. तिच्या जागी खिळा ठोकला तर पुढच्या धडकेत गिअरच फुटतो. सुटी पिन आणि पक्कड बोटीत असलीच पाहिजे. मोठ्या मोटरींत पिनऐवजी रबराचा बुश असतो. तो घसरतो का हे पाहायला मधल्या तुंब्यावर आणि पंख्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढावी. बोट चालवल्यावर रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले, तर बुश गेला.

वळताना किंवा लाटेवर फेरे एकदम वाढून जोर जात असेल, तर पंखा वरून हवा ओढतो आहे. मोटर फार उंच बसवलेली असते किंवा फार बाहेर झुकलेली असते. पंख्याच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली असावी. पाती वाकली वा त्यांना खाचा पडल्या, तर आणखी एक गोष्ट घडते. पात्यामागे दाब इतका घटतो की थंड पाण्याचीही वाफ होते. ते बुडबुडे फुटताना धातूला बारीक खड्डे पाडतात.

पुराच्या पाण्यात पऱ्हाट्या, जलपर्णी, प्लास्टिक, ठिबकच्या नळ्या वाहत येतात. त्या पंख्याला गुंडाळतात. मासेमारीची नायलॉन दोरी तर पंख्यामागे शिरून ऑइल सील कापते. गिअरचे तेल दुधाळ दिसले की पाणी आत गेले असे समजावे. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार थांबली, तर गाळाने थंड पाण्याची वाट बंद झाली आहे. तेव्हा इंजिन लगेच बंद करावे. काही मिनिटे चालून इंजिन मरत असेल, तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का ते पाहावे. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ओलावा ओढते, म्हणून मागच्या वर्षीचे पेट्रोल वापरू नये.

पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून प्लगची वायर काढलीच पाहिजे. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधायची इंजिन बंद करणारी दोरी शोभेची नाही. चालक पाण्यात पडला तर तीच पंख्याला थांबवते. पात्याने जखम झालीच, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून रक्त थांबवावे आणि तातडीने रुग्णालय गाठावे. पुराच्या घाण पाण्यातल्या जखमेला धनुर्वाताची लस लागते का, हे डॉक्टर ठरवतात. पुढच्या काही दिवसांत ताप आला, तर लेप्टोस्पायरोसिसची शंका त्यांना सांगावी.

बेस १९३३ मध्ये गेली. पुढच्याच वर्षी, १२ जुलै १९३४ रोजी, ५७ व्या वर्षी ओलेचेही निधन झाले. मुलगा राल्फने उद्योग पुढे नेला. एविनरूड नावाच्या मोटरींचे उत्पादन २०२० मध्ये थांबले, पण त्या मांडणीची यंत्रे जगभरच्या नद्यांवर धावत आहेत.

पहिले यंत्र विकण्यापूर्वी ओलेने ते भाड्याच्या नावेला लावून नदीत चालवून पाहिले होते. हा क्रम आजही पाळण्यासारखा आहे. मे महिन्यात, तलावाच्या शांत पाण्यात, पूर्ण ओझे भरून मोटर अर्धा तास चालवली की पिन, बुश, सील आणि पाण्याची धार यांतले दुखणे तिथेच कळते. जुलैच्या रात्री छपरावर बसलेली माणसे वाट पाहत असताना ते कळून उपयोग नसतो.