वाल्डेमार हाफकिन यांचें चरित्र

दापोडीचा हॅरिस पूल ओलांडून पलीकडे गेलें कीं बोपोडी व खडकी लागतात. उलट दिशेस गेलें कीं पिंपरी येते. या दोन्ही गांवांशीं एका परदेशी शास्त्रज्ञाचें नांव निगडित आहे, हें आपल्यापैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांनीं शोधून काढलेली प्लेगची लस इ. स. १८९७ सालीं खडकीस टोचण्यांत आली. आणि पिंपरीस त्यांच्या नांवानें चालणाऱ्या जीव-औषध महामंडळाची शाखा आहे. ते शास्त्रज्ञ म्हणजे वाल्डेमार हाफकिन होत. पिंपरीपासून चाकणपर्यंत आज कारखाने पसरले आहेत, व त्यांचें सांडपाणी, हवा आणि माल तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आपल्या भागांतील पुष्कळ तरुण काम शिकत आहेत. त्यांनीं तर हें चरित्र अवश्य वाचावें.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजीं रशियन साम्राज्यांतील ओडेसा शहरीं एका ज्यू कुटुंबांत झाला. तेथील विद्यापीठांत त्यांस मेचनिकॉफ यांच्यासारखा थोर गुरु लाभला. परंतु ज्यू असल्यामुळें विद्यापीठांत अध्यापकाची जागा मिळण्याची आशा नव्हती. स्वधर्म सोडला असता तर वाट मोकळी होती. तो त्यांनीं सोडला नाहीं. इ. स. १८८८ सालीं त्यांनीं देश सोडला. कांहीं काळ जिनीव्हास काढून ते पॅरिस येथें पाश्चर यांच्या संस्थेंत गेले. तेथें प्रथम जी जागा मिळाली ती ग्रंथालयांतील होती. दिवसा पुस्तकें सांभाळावीं व उरलेल्या वेळीं सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

त्या दिवसांत पटकीची सांथ युरोपासही भेडसावीत होती. हाफकिन यांनीं पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली व १८ जुलै १८९२ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. दुसऱ्याच्या देहावर जें करावयाचें तें आधीं आपल्या देहावर करून पाहावें, हा त्यांचा नियम होता. पुढील वर्षीं ते कलकत्त्यास आले, आणि दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांहून अधिक लोकांस त्यांनीं लस टोचली.

इ. स. १८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मुंबईंत प्लेग उद्भवला. ऑक्टोबरांत हाफकिन तेथें दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजांत त्यांस एक खोली, एक पडवी, एक कारकून व तीन शिपाई एवढेंच साहाय्य मिळालें. एवढ्या सामग्रीवर त्यांनीं तीन महिन्यांच्या आंत प्लेगची लस सिद्ध केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोचून घेतली. तिकडे पुण्यासही प्लेग पोहोंचला होता. रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले त्याच वर्षीं १० मार्च रोजीं निवर्तल्या.

हाफकिन यांची खरी थोरवी त्यांच्या मोजणींत दिसते. लस टोचलेले किती वांचले एवढेंच ते मोजीत नसत. त्याच जागीं राहणारे, तेंच अन्न खाणारे, परंतु न टोचलेले जे लोक, त्यांचीही नोंद ते शेजारी मांडीत. भायखळ्याच्या तुरुंगांत न टोचलेल्या कैद्यांपैकीं १२ आजारी पडले व ६ मेले. टोचलेल्यांपैकीं २ आजारी पडले व एकही दगावला नाहीं. दमण येथें न टोचलेल्या ६,०३३ लोकांपैकीं १,४८२ मरण पावले. टोचलेल्या २,१९७ पैकीं ३६. खडकीसही अशीच तुलना केली गेली, व निष्कर्ष त्याच बाजूचा निघाला. लस रोग सर्वस्वी टाळीत नाहीं, हेंही या आंकड्यांतून उघड होत होतें. हाफकिन यांनीं तें झांकलें नाहीं.

इ. स. १८९९ सालीं परळच्या जुन्या सरकारी वाड्यांत त्यांची प्रयोगशाळा मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तेथून बाटल्या देशोदेशीं जाऊं लागल्या. यश शिगेस पोहोंचलें असतांच तो दुर्धर प्रसंग आला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांतील मलकवाल या गांवीं १०७ लोकांस लस टोचण्यांत आली. त्यांपैकीं १९ जणांस थोड्याच दिवसांत धनुर्वात झाला व ते सर्वच्या सर्व मृत्युमुखीं पडले. या एकोणीसही जणांस एकाच बाटलींतील लस दिली होती. बाकीच्या बाटल्यांपासून कोणास अपाय झाला नाहीं. चौकशी झाली. दूषितपणा परळच्या प्रयोगशाळेंतच शिरला असावा, असें चौकशी मंडळाचें मत पडलें. हाफकिन यांनीं लस शुद्ध राखण्याच्या रीतींत बदल करून कार्बोलिक अॅसिड वगळलें होतें व उष्णतेवर भिस्त ठेविली होती. तोच त्यांचा दोष ठरला. त्यांस कामावरून दूर करण्यांत आलें व ते इंग्लंडास गेले.

परंतु नोंदी शिल्लक होत्या. बाटलीस क्रमांक होता, ती कोणत्या दिवशीं व कोणाच्या हातीं उघडली हें लिहिलेलें होतें. त्यांवरून असें दिसून आलें कीं, त्या दिवशीं बूच काढावयाचा चिमटा जमिनीवर पडला होता; आणि तो ज्योतीवर धरून शुद्ध न करितां केवळ कार्बोलिकच्या पाण्यांत बुडवून वापरला गेला. शिवाय, धनुर्वाताचे जंतु बाटलींत पूर्वींपासून वाढले असते तर तिला दुर्गंधि आली असती. तशी ती आली नव्हती. मलेरियाचे विख्यात संशोधक रोनाल्ड रॉस प्रभृति दहा शास्त्रज्ञांनीं जुलै १९०७ मध्यें लंडनच्या वृत्तपत्रांत पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांची बाजू मांडली, व त्याच वर्षाच्या अखेरीस ते निर्दोष ठरले. मध्यंतरीं पांच वर्षें गेलीं होतीं. मलकवालची एकोणीस माणसें तर परत येणार नव्हतीं.

हाफकिन पुन्हां हिंदुस्थानांत आले, परंतु परळची गादी त्यांस मिळाली नाहीं. कलकत्त्यास काम करून इ. स. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले. इ. स. १९२५ सालीं परळच्या संस्थेस त्यांचें नांव देण्यांत आलें. २६ ऑक्टोबर १९३० रोजीं स्वित्झर्लंडमधील लोझान येथें त्यांचा अंत झाला. त्यांनीं विवाह केला नव्हता.

या चरित्रापासून काय घ्यावें? परळचा कुशल संशोधक व मलकवालचा हातांत चिमटा धरणारा मदतनीस हे एकाच सांखळीचे दुवे होते; आणि अखेरच्या दुव्यांतील क्षणाच्या ढिलाईनें पहिल्या दुव्याचें सारें ज्ञान फुकट गेलें. आज प्रयोगशाळांस मान्यता देणारें राष्ट्रीय मंडळ आहे, व आय. एस. ओ. १७०२५ या नांवाची सर्व देशांस संमत अशी नियमावली आहे. त्या शिक्षणांत नवख्यास जें प्रथम शिकवितात तें दिसावयास अगदीं साधें असतें. दापोडीपाशीं पवना मुळेस मिळते, तेथील पाण्याचा नमुना घ्यावयाचा असेल तर बाटलीवर स्थळ, दिवस, वेळ व घेणाऱ्याचें नांव तत्काळ लिहावें. ती कोणाकडून कोणाच्या हातीं गेली हें नोंदावें. उपकरण ज्ञात मापाशीं ताडून पाहावें. शुद्ध पाण्याची एक बाटली त्याच रीतीनें तपासावी, म्हणजे आपल्याच हातची मलिनता उघडकीस येते. लिहितांना चूक झाली तर ती खोडून नाहींशी करूं नये. वर एक रेघ ओढून, बरोबर आंकडा लिहून सही करावी.

विद्यार्थ्यांस हे नियम कधीं कधीं जाचक वाटतील. आईबापांसही वाटेल कीं, एवढें शिकून मुलगा बाटल्यांवर चिठ्ठ्याच चिकटवीत बसतो. परंतु हातांतून चिमटा पडावा व कोणी पाहत नसावें, असा क्षण प्रत्येकाच्या आयुष्यांत येतो. त्या क्षणीं तो पुन्हां ज्योतीवर धरण्याची संवय ज्यानें लाविली, त्याच्याच हातीं लोकांचें पाणी व लोकांचे प्राण निर्धास्तपणें सोंपवावे.