आवाज बसला म्हणून आरशासमोर उभे राहिले आणि दोष सापडला मानेत! कोण होते एफ. एम. अलेक्झांडर?

मंडळी, तासभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसल्यावर मान अवघडली की आपण काय करतो? मान दोन-चारदा इकडेतिकडे वळवतो, नाहीतर यूट्यूबवर व्यायाम शोधतो. पाच मिनिटं व्यायाम करून पुन्हा तसेच पोक काढून बसतो! मग उरलेल्या दिवसभरात आपण मानेला काय काय करायला लावतो, याचा विचार कोण करणार? सव्वाशे वर्षांपूर्वी एका माणसाने तो केला. आणि गंमत म्हणजे तो डॉक्टर नव्हता, रंगमंचावरचा कलाकार होता.

फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर यांचा जन्म २० जानेवारी १८६९ रोजी ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर झाला. लहानपणापासून प्रकृती नाजूक, श्वासाचा त्रास कायमचा. पण वेड होतं शेक्सपिअरचं! विशीत ते मेलबर्नला आले आणि नाटकांतले उतारे एकट्याने सादर करू लागले. नाव होऊ लागलं, तोच घात झाला. कार्यक्रम ऐन रंगात आला की घसा बसायचा.

डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली. त्यांनी ती घेतली, पण पुढच्या कार्यक्रमात अर्ध्यावरच आवाज पुन्हा गेला. अलेक्झांडर यांनी साधा हिशोब मांडला. कार्यक्रमाआधी आवाज ठीक आणि नंतर खराब, म्हणजे मधल्या वेळात आपणच काहीतरी चुकीचं करत असणार. पण काय? ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

मग त्यांनी आरसे लावले आणि स्वतःकडेच बघत बोलायला सुरुवात केली. तेव्हा दिसलं की बोलायला सुरुवात करताच आपण मान ताठ करतो, डोकं मागे खेचतो, घशावर दाब देतो आणि तोंडाने धापा टाकल्यासारखा श्वास घेतो. साध्या बोलण्यातही हेच होत होतं, फक्त कमी प्रमाणात.

खरा धक्का पुढे होता!

चूक कळली, आता सुधारू, असं त्यांना वाटलं. डोकं सरळ ठेवून ते बोलू लागले. आपण बरोबर करतोय अशी त्यांची खात्री होती, पण आरशात डोकं मागेच जाताना दिसत होतं! सवय इतकी मुरली होती की चुकीची ठेवणच त्यांना बरोबर वाटत होती. म्हणून त्यांनी जोर लावून मान सरळ करणं सोडलं. बोलायची इच्छा झाली की आधी थांबायचं, मान सैल सोडायची आणि मगच बोलायचं, हा सराव त्यांनी कित्येक महिने केला. आवाज सुधारला आणि श्वासाचा त्रासही कमी झाला.

हीच पद्धत पुढे 'अलेक्झांडर टेक्निक' म्हणून ओळखली गेली. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. तत्त्वज्ञ जॉन ड्युई, लेखक ऑल्डस हक्स्ली आणि जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. हे धडे अगदी साधे असतात. खुर्चीतून उठायचं, बसायचं, चालायचं, आणि ते करताना मान कुठे आवळली जाते ते शिक्षकाच्या हाताच्या हलक्या स्पर्शाने ओळखायचं.

टीकाही झालीच. १९४४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका सरकारी नियतकालिकाने त्यांची पद्धत भोंदूगिरी ठरवली. अलेक्झांडर यांनी बदनामीचा खटला भरला आणि १९४८ मध्ये तो जिंकलाही. मधल्या काळात, १९४७ मध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. त्यातून सावरून त्यांनी पुन्हा शिकवायला सुरुवात केली. १० ऑक्टोबर १९५५ रोजी लंडनमध्ये त्यांचं निधन झालं.

पण मानदुखीवर याचा उपयोग होतो का?

खटला जिंकला म्हणजे उपचार सिद्ध होत नाही. मानदुखीबद्दलचा मोठा पुरावा मिळाला तो त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी. ब्रिटनमध्ये जुनाट मानदुखीच्या ५१७ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना नेहमीच्या उपचारांसोबत अलेक्झांडर टेक्निकचे २० धडे देण्यात आले. फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा वर्षभरानंतर त्यांचा त्रास कमी होता. फरक फार मोठा नव्हता, आणि अ‍ॅक्युपंक्चर घेतलेल्यांनाही जवळपास तेवढाच फायदा झाला. म्हणजे हा काही चमत्कार नाही, पण भोंदूगिरीही नाही.

तेव्हा फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम सोडू नका. हाताला मुंग्या येत असतील, हातातली ताकद कमी वाटत असेल किंवा पडल्यानंतर मान दुखायला लागली असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. पण व्यायामाची ती दहा मिनिटं सोडून उरलेल्या दिवसाचं काय? मोबाईल वाजला की हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबा आणि मान कुठे चालली आहे ते बघा. आत्ता हे वाचताना ती कुठे आहे?

माहिती आवडली असेल तर सतत मान खाली घालून बसणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा!