र. धों. कर्वे आणि प्रश्नोत्तरांचा खटला

२८ फेब्रुवारी १९३४ रोजी मुंबईच्या न्यायालयात एका मासिकाच्या संपादकावर खटला उभा राहिला. आरोप अश्लीलतेचा. मासिक ‘समाजस्वास्थ्य’, संपादक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांचे वकील बॅरिस्टर डॉ. भीमराव आंबेडकर. या वेळी गुन्ह्याचे मूळ एखाद्या लेखात नव्हते. डिसेंबर १९३३ च्या गुजराती अंकात वाचकांच्या खासगी शंकांना जी उत्तरे छापली गेली, ती सरकारला खुपली होती. त्या शंका हस्तमैथुनाविषयी होत्या, समलिंगी संबंधांविषयी होत्या. ज्या गोष्टी घरात, शाळेत किंवा वैद्याच्या ओसरीवरही उच्चारता येत नसत, त्या लोक कर्व्यांना पत्राने विचारत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तर देत.

हा सरळपणा त्यांना घरातूनच मिळाला असे म्हणावे, तर ते अर्धेच खरे ठरेल. १४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे थोरले चिरंजीव. १८९१ मध्ये आई राधाबाई वारल्या, तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी विधवेशी विवाह केला आणि मुरूडच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. समाजाचा रोष पत्करणे म्हणजे काय, हे मुलाने असे लहानपणीच पाहिले. परंतु पित्याची वाट स्त्रीशिक्षणाची होती. पुत्राने निवडलेल्या वाटेवर सुधारकही चालायला तयार नव्हते.

पेशाने ते गणिताचे प्राध्यापक. १९१९ मध्ये त्याच विषयाच्या उच्च अभ्यासासाठी ते पॅरिसला गेले. परतल्यावर १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे प्रसिद्ध केंद्र निघाले तेही याच वर्षी. पुढे हे काम आणि विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा १९२५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाई शिक्षिका होत्या. त्यांच्या पगारावर संसार चालला. या दांपत्याने स्वतःला मूल होऊ द्यायचे नाही असे ठरवले होते. रघुनाथरावांच्या कीर्तीत मालतीबाईंचा वाटा मोजायला मराठी समाजाने फार उशीर केला.

जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले. नग्न स्त्रीचित्राच्या मुखपृष्ठाचे हे मासिक लोक लपवून वाचत आणि चारचौघांत त्याला नावे ठेवत. १९३१ मध्ये व्यभिचारावरील लेखाबद्दल कर्व्यांना शंभर रुपये दंड झाला. त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. तरीही पत्रांची उत्तरे थांबली नाहीत. थांबली असती, तर १९३४ चा खटला झालाच नसता.

आंबेडकर त्या सुमारास गोलमेज परिषदा आणि पुणे करार यांनंतरच्या राजकारणात बुडालेले होते. लोकांच्या दृष्टीने लाजिरवाणे असे हे प्रकरण हाती घेऊन त्यांच्या चळवळीला लाभ काहीच नव्हता, बदनामी मात्र नक्की होती. तरी ते उभे राहिले. त्यांचा मुख्य मुद्दा असा की, लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने मजकूर अश्लील ठरत नाही. प्रश्नच विकृत असतील तर ते छापून उत्तर देण्याची गरज काय, असा न्यायाधीशांचा सवाल होता. विकृती असलीच तर ती ज्ञानानेच दूर होईल आणि म्हणूनच उत्तर देणे भाग आहे, असे आंबेडकरांनी मांडले. समलिंगी आकर्षणाच्या बाबतीत ते आणखी पुढे गेले. हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाचा आधार घेऊन, काही माणसांत ही ओढ जन्मजात असते आणि त्यांनी आपल्या प्रकृतीनुसार सुख मिळवले तर त्यात गैर काही नाही, अशी बाजू त्यांनी न्यायालयापुढे ठेवली.

हे विधान ज्या देशात केले गेले, तिथे भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम १८६० पासून अशा संबंधांना जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगत होते. प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्या कलमातून सर्वोच्च न्यायालयाने वगळले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी, म्हणजे चौऱ्याऐंशी वर्षांनी. मधल्या काळात सामाजिक न्यायाचा उच्चार करणारे कितीतरी पुढारी होऊन गेले. या विषयावर त्यांतील बहुतेकांनी मौनच पसंत केले. म्हणूनच १९३४ च्या त्या युक्तिवादाचे मोल अधिक.

न्यायालयाला मात्र तो पटला नाही. २४ एप्रिल १९३४ रोजी निकाल लागला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. नोकरी गेलेल्या, तोट्यात मासिक चालवणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नव्हती. आंबेडकरांनी संततिनियमनाचा विषय पुढेही सोडला नाही. १९३८ मध्ये त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात त्यासंबंधीचा ठराव आला आणि फेटाळला गेला.

कर्वे लिहीत राहिले. ‘शारदेची पत्रे’ हे स्त्रीच्या नावाने चालणारे सदरही तेच लिहीत. १९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. त्यानंतर पैशाची आणि माणसांची चणचण वाढली, तरी अंक निघत राहिले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथरावांचे निधन झाले. वयोवृद्ध वडील तेव्हा हयात होते. पाच वर्षांनी, शंभरीच्या उंबरठ्यावर, त्यांना भारतरत्न मिळाले. मुलाच्या मासिकाचा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा. तो निघाला तेव्हा संपादक हयात नव्हता.